नव्या फोनला रेंज कमी येतेय? दोष जागेचा, सिमचा की फोनचा, हे आधी ठरवा

ज्या स्वयंपाकघरात जुना फोन विनातक्रार चालत होता, तिथेच नवा फोन जेमतेम एक दांडी दाखवतो. बोलताना आवाज तुटतो, व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो, आणि घाम गाळून जमवलेले पैसे वाया गेले की काय या विचाराने झोप उडते. मग दोनपैकी एक घडतं. कुणी तडक दुकान गाठतो, पण तिथे काउंटरवर पाचही दांड्या उभ्या राहतात, कारण नाशिकच्या एमजी रोडवर रेंज असतेच. कुणी ‘एक-दोन दिवसांत होईल ठीक’ म्हणत थांबतो, आणि फोन बदलून मिळण्याची मुदत निघून जाते. ऑनलाइन घेतलेल्या फोनांना ही मुदत बहुधा आठवड्याच्या आसपासच असते. म्हणून बिलावर किंवा ऑर्डरच्या पानावर ती तारीख आज बघा आणि तपासणी तिच्या आत संपवा.

रेंज तीन गोष्टींवर ठरते: तुम्ही उभे आहात ती जागा, सिम आणि त्यामागचं कंपनीचं जाळं, आणि हातातला फोन. बहुतेक तक्रारी पहिल्या दोनांतच सुटतात, असं मला ठामपणे वाटतं. पण दोष खरोखर फोनचा असेल तर तो आकड्यांनी दाखवता आला पाहिजे. ‘रेंज येत नाही हो’ एवढ्या वाक्यावर कुणी फोन बदलून देत नाही.

दांड्या सोडा, आकडा बघा

दांड्या किती दाखवायच्या याचं सगळ्या कंपन्यांना बांधणारं एकच माप नाही. तेवढ्याच ताकदीच्या सिग्नलला एक फोन तीन दांड्या दाखवेल, दुसरा दोन. त्यातून नवा फोन ५जीवर असेल आणि जुना ४जीवर, तर दोघांच्या दांड्यांची तुलना करण्यात काही अर्थच उरत नाही.

खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या मापात, असतो. अँड्रॉइड फोनात सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ या भागात ‘सिम स्थिती’ उघडली की ‘सिग्नलची तीव्रता’ दिसते. काही कंपन्या हे पान आत कुठेतरी ठेवतात, तेव्हा सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘सिम’ टाकून बघा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत डायलरवर *#*#४६३६#*#* टाकलं की तपासणीचं पान उघडतं. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत त्याऐवजी *#००११# चालतं. आयफोनवर *३००१#१२३४५#* टाकून कॉलचं बटण दाबायचं, आणि तिथे ‘आरएसआरपी’ नावाखाली जो आकडा दिसेल तो घ्यायचा.

आकडा उणे असतो आणि शून्याकडे जितका जवळ तितका चांगला. ४जीसाठी ढोबळ अंदाज असा धरा: उणे ९०च्या अलीकडे असेल तर उत्तम. उणे १००पर्यंत रोजचं काम अडत नाही. उणे ११०च्या पलीकडे गेलं की कॉल तुटायला लागतात, आणि उणे १२०च्या आसपास फोन नेटवर्क सोडून देतो. हे माप सरळ चढत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. दहाचा फरक म्हणजे ताकदीत दहापट फरक. उणे ९५ आणि उणे १०५ हे आकडे दिसायला शेजारी आहेत, पण दुसऱ्या ठिकाणी पोचणारा सिग्नल पहिल्याच्या दहावा हिस्सा आहे. आणि तीनचा फरक म्हणजे जवळपास दुप्पट किंवा निम्मं.

‘आरएसआरपी’च्या जवळच ‘एसआयएनआर’ नावाचा आकडा दिसत असेल तर तोही टिपून ठेवा. सिग्नलमध्ये गोंगाट किती मिसळलाय ते त्यावरून कळतं. तो वीसच्या पुढे असेल तर सिग्नल स्वच्छ आहे. शून्याच्या खाली गेला असेल, तर पहिला आकडा कितीही चांगला असला तरी नेट रखडणारच.

आधी गच्चीवर जा

घरातला आकडा लिहून घ्या, मग खिडकीपाशी, मग गच्चीवर किंवा सोसायटीच्या मोकळ्या अंगणात. प्रत्येक ठिकाणी फोन टेबलावर किंवा कठड्यावर ठेवा, मिनिटभर थांबा, मगच आकडा वाचा. तो सतत थोडाफार हलत असतो, म्हणून तीन वेळा वाचून मधला घ्या.

गच्चीवर उणे ८५ आणि खोलीत उणे ११२ असेल, तर फोन जवळजवळ निर्दोष सुटला. सिग्नल घराच्या भिंतींत मरतोय. नाशिकमध्ये याची कारणं भागाभागानुसार बदलतात. भद्रकाली, पंचवटीकडच्या जुन्या वाड्यांच्या भिंती जाड, बोळ अरुंद, त्यामुळे आतल्या खोलीत सिग्नल पोचतो तोच थकून. गंगापूर रोडच्या नव्या इमारतींत सिमेंटच्या भिंतींत लोखंडी सळया असतात, आणि दर्शनी भागाला चकाकणारी, ऊन परतवणारी काच लावली असेल तर तिच्यावरचा धातूचा पातळ थर सिग्नलही परतवतो. अशा घरात खिडकी बंद असताना आणि उघडी असताना आकडा घेऊन बघा. फरक लगेच कळेल. सातपूर, अंबडच्या कारखान्यांत चारी बाजूंनी पत्रा. पिंपळगावकडच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तर दोन्ही बाजूंना पत्रा असलेल्या जाड पॅनेलच्या भिंती, तिथे आत कोणताच फोन धड चालणार नाही. बाहेर येऊनच बोलायचं.

डोंगराची आड वेगळीच. पांडवलेण्यांच्या डोंगराच्या मागची वस्ती, त्र्यंबकजवळची ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या पायथ्याची गावं, इगतपुरीचा घाटमाथा, इथे टॉवर सरळ रेषेत किती अंतरावर आहे यापेक्षा मधे काय उभं आहे ते महत्त्वाचं. दिंडोरी-निफाडच्या मळ्यांत उलट चित्र दिसतं: मैदान मोकळं, पण वस्ती विरळ म्हणून टॉवर लांब. तिथे घराच्या कोणत्या बाजूला टॉवर आहे ते कळलं तर निम्मं काम होतं. सरकारच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर नकाशात आपल्या जवळचे टॉवर शोधता येतात. टॉवरच्या दिशेच्या खिडकीत फोन ठेवला की आकडा सुधारतो, हे स्वतः करून बघा.

एक लक्षण इथेच सांगून ठेवतो, कारण ते फार उपयोगी आहे. तुम्हाला समोरच्याचा आवाज स्वच्छ येतो, पण समोरचा म्हणतो, ‘तुमचा आवाज तुटतोय’. असं होत असेल तर टॉवरचा सिग्नल तुमच्यापर्यंत पोचतोय, तुमच्या फोनचा टॉवरपर्यंत पोचत नाही. टॉवर मोठ्या ताकदीने बोलतो. हातातल्या फोनची जास्तीत जास्त ताकद मात्र साधारण पाव वॅटहूनही कमी, सुमारे २०० मिलिवॅट असते. म्हणून परतीची वाट आधी तुटते. अशा ठिकाणी फोन सतत पूर्ण जोर लावतो, तापतो आणि बॅटरी भराभर संपते. नव्या फोनची बॅटरी दुपारीच संपते अशी तक्रार असेल, तर बॅटरीला दोष देण्याआधी घरातला डीबीएम बघा.

रेंज भरपूर आणि नेट मात्र बंद, हा आणखी वेगळा प्रकार. तिथे सिग्नल कमी नसतो, टॉवरवर गर्दी झालेली असते. सणाच्या दिवशी रामकुंडाच्या परिसरात पाचही दांड्या असून साधा फोटो जात नाही, तो याच कारणाने. २०२७च्या सिंहस्थात हे पुन्हा अनुभवायला मिळेलच. एकाच जागेवर सकाळी सहाला आणि रात्री नऊला वेग मोजा. सकाळी नेट धावतं आणि रात्री अडतं, डीबीएम मात्र तोच, असं दिसलं तर फोनला हात लावायचं कारण नाही.

पावसाबद्दलही थोडं. मोबाइलच्या लहरींना साध्या पावसाने फारसा फरक पडत नाही. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात पावसाळ्यात रेंज जाते, त्यामागे बऱ्याचदा वीज असते: लाइट गेली, टॉवरची बॅटरी संपली, रेंज गेली. नवा फोन जुलैमध्ये घेतला असेल तर हे ध्यानात ठेवूनच आकडे घ्या.

सिमची अदलाबदल

सगळ्या तपासणीत ही पायरी मला सर्वांत मोलाची वाटते, आणि नेमकी हीच लोक घाईत उरकतात.

जुना फोन चालू स्थितीत असेल तर बाहेर काढा, चार्ज करा. नसेल तर घरातल्या कुणाचा तरी फोन घ्या, ४जी चालणारा असावा. दोन्ही फोनांत नेटवर्कचा प्रकार ‘४जी’ करून ठेवा. एक ५जीवर आणि दुसरा ४जीवर राहिला तर तुलना फुकट जाते. दोन्ही फोनांची कव्हरं काढा. मग एकच टेबल, एकच जागा ठरवा.

तुमचं सिम नव्या फोनात घाला, मिनिटभर थांबा, तीन आकडे घ्या. तेच सिम जुन्या फोनात घाला, त्याच जागी ठेवा, पुन्हा तीन आकडे घ्या. शक्य असेल तर दोन्ही वेळा कोणता बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, पकडला तेही लिहा. तपासणीच्या पानावर किंवा ‘नेटवर्क सेल इन्फो’सारख्या अँड्रॉइड ॲपमध्ये तो दिसतो. याचं कारण असं की एकाच टॉवरवरून कंपनी वेगवेगळ्या लहरींवर सिग्नल सोडते. कमी मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंती भेदतात. जास्त मेगाहर्ट्झच्या लहरी वेग जास्त देतात पण भिंतीपाशी थकतात. जुना फोन ८५०वर बसला आणि नवा २३००वर, तर नव्याचा आकडा खालीच दिसणार, आणि त्यात नव्या फोनाचा काही दोष नाही. पुन्हा एकदा एअरप्लेन मोड चालू-बंद करून दोन्ही एकाच बँडवर येतात का ते बघा.

आता निकाल. फरक पाच-सहाच्या आत असेल तर दोन्ही फोन सारखेच समजा; प्रत्येक फोनाची अँटेना थोडी वेगळी असते. दोन्ही फोनांत आकडा सारखाच वाईट असेल तर दोष जागेचा किंवा कंपनीच्या जाळ्याचा. एकाच बँडवर, एकाच जागी, वेगवेगळ्या वेळी मोजूनही नवा फोन दहा किंवा त्याहून जास्त मागे पडत असेल, तर फोनवर संशय घ्यायला पक्कं कारण मिळालं. हीच चाचणी गच्चीवरही करा. खरा बिघाड असेल तर फरक मोकळ्यावरही तेवढाच राहतो.

एवढ्यावर थांबू नका. उलटी बाजूही तपासा: घरातल्या दुसऱ्या कुणाचं, त्याच कंपनीचं सिम नव्या फोनात घाला. त्यांचं सिम नीट चाललं आणि तुमचंच अडखळलं, तर दोष सिमचा. तुमचं ई-सिम असेल तर ते असं काढून घालता येत नाही, तेव्हा हा दुसऱ्याच्या सिमचाच रस्ता धरा.

सगळे आकडे तारीख, वेळ, जागा यांसह लिहून ठेवा आणि आकडे दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या. पुढे दुकानात किंवा सर्व्हिस सेंटरला बोलताना हाच कागद तुमच्या बाजूने बोलतो.

कव्हर आणि सेटिंग

कव्हर काढून आकडा बघायला एक मिनिटही लागत नाही, म्हणून ते आधीच करा. साधं रबरी किंवा प्लॅस्टिकचं कव्हर काही बिघडवत नाही. धातूची चौकट असलेलं कव्हर, मागे चिकटवलेली लोखंडी रिंग, गाडीच्या चुंबकी स्टँडसाठी लावलेली पत्र्याची चकती, यांनी मात्र अँटेना झाकली जाऊ शकते. फोनच्या धातूच्या कडेवर बारीक रेघा दिसतात ना, तिथे अँटेनांचे भाग वेगळे केलेले असतात. हाताने त्या घट्ट झाकल्या तरी आकडा खाली येतो. २०१०मध्ये आयफोन ४ हातात धरला की सिग्नल पडतो म्हणून एवढा गाजावाजा झाला की ॲपलला ग्राहकांना फुकट कव्हर द्यावं लागलं. आजच्या फोनांत एकाहून जास्त अँटेना असल्याने त्रास कमी होतो, पण आडवा धरून दोन्ही हातांनी गेम खेळताना किंवा व्हिडिओ बघताना तो अजूनही जाणवतो.

आता सेटिंग, सोप्याकडून अवघडाकडे. फोन बंद करून चालू करा. सिस्टिम अपडेट आलं असेल तर घ्या. रेंज सांभाळणाऱ्या मोडेमची सुधारणाही याच अपडेटमधून येते, आणि नव्या मॉडेलला पहिल्या काही महिन्यांत अशा सुधारणा मिळत राहतात. नेटवर्क निवड ‘स्वयंचलित’ आहे ना ते बघा. जुन्या फोनाची सगळी सेटिंग नव्यात उतरवली असतील तर कधीतरी हाताने निवडलेलं नेटवर्क तसंच अडकलेलं सापडतं.

५जी आणि ४जीच्या सीमेवरच्या घरात फोन सारखा इकडून तिकडे उड्या मारतो. अशा ठिकाणी ‘४जी’ निवडून आठवडाभर वापरा. कॉल स्थिर होतात, बॅटरी टिकते. ५जीसाठी देशात मुख्यतः वापरल्या जाणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या लहरी भिंतींतून फारशा आत येत नाहीत, त्यामुळे आतल्या खोलीत ४जीवर राहणं हाच शहाणपणा आहे. जिओकडे ५जीसाठी ७०० मेगाहर्ट्झही आहे, पण जिओचं ५जी ४जीच्या आधाराशिवाय, पूर्ण स्वतंत्र (‘स्टँडअलोन’) पद्धतीने चालतं. आयफोनात त्यासाठी ‘५जी स्टँडअलोन’ चालू असावं लागतं.

जिओला २जी-३जी नाहीच, म्हणून तिथे ‘व्हीओएलटीई’ (४जीवरून कॉल करण्याची सोय) बंद असेल तर साधा कॉलही नीट लागणार नाही. दोन सिम असतील तर नेट कोणत्या सिमवर ठेवलंय ते बघा. एका सिमवर बोलणं चालू असताना बऱ्याच फोनांत दुसऱ्याचं नेट थांबतं. हा दोष नव्हे, फोनाची रचनाच तशी असते. रेंज पुरेशी आहे पण मोबाइल नेटच नाही, अशा वेळी एपीएन (सेटिंगमधलं नेट जोडणीचं नाव) तपासा: जिओला ‘जिओनेट’, बीएसएनएलला ‘बीएसएनएलनेट’, इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता.

यातून काही हाती लागलं नाही तर ‘नेटवर्क सेटिंग रीसेट’ करा. यात फोटो, कॉन्टॅक्ट जात नाहीत, पण साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात. पासवर्ड आधी लिहून ठेवा. संपूर्ण फोन कोरा करण्याची घाई मात्र करू नका. कमी रेंजवर त्याचा क्वचितच उपयोग होतो आणि दिवस वाया जातो.

एक गोष्ट लगेच तपासा: डायलरवर *#०६# टाका. आयएमईआय, म्हणजे फोनाचा ओळख क्रमांक, दिसायला हवा आणि तो खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळायला हवा. क्रमांक दिसत नसेल, किंवा ‘फोनबद्दल’मध्ये बेसबँडपुढे (म्हणजे मोडेमच्या सॉफ्टवेअरपुढे) ‘अज्ञात’ लिहिलेलं असेल, तर पुढची सगळी तपासणी सोडा. फोन बदलूनच घ्या. ‘संचार साथी’ ॲपवर हा क्रमांक टाकला की हँडसेट अधिकृत आहे की रोखलेला, तेही कळतं. स्वस्तात मिळालेल्या ‘सीलबंद’ फोनाच्या बाबतीत हे पैसे देण्याआधी करावं.

सिम जुनं झालंय का

सिमचं कार्ड दहा वर्षं जुनं, तेही मोठं कापून लहान केलेलं, असं अजूनही अनेकांकडे आहे. ३जीच्या काळातलं सिम ४जी फोनात घातलं की फोन २जीवरच अडकू शकतो. चकतीवर ओरखडे असतील, ट्रेमध्ये सिम सैल बसत असेल, तर फोन मधेच ‘सिम नाही’ असं दाखवतो. कोरड्या मऊ कापडाने पुसून पुन्हा बसवा. तरीही तसंच झालं तर कंपनीच्या गॅलरीत आधार कार्ड घेऊन जा आणि सिम बदला.

त्या दिवशीचं वेळापत्रक सांभाळा. सिम बदलल्यावर फसवणूक टाळण्यासाठी २४ तास एसएमएस बंद राहतात, म्हणजे बँकेचे ओटीपी येत नाहीत. विजेचं बिल, शाळेची फी, औषधांची ऑर्डर आदल्या दिवशी उरकून घ्या. शिवाय १ जुलै २०२४पासूनच्या नियमानुसार सिम बदलल्यावर ७ दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही.

फोनाला आपल्या लहरी कळतात का

हा प्रश्न मुख्यतः दुबई, अमेरिका किंवा सिंगापूरहून कुणी आणून दिलेल्या फोनांचा. त्याच नावाचं मॉडेल देशागणिक वेगळे बँड घेऊन येतं. आपल्याकडे ४जीसाठी बँड ३, ५, ८, १, ४० आणि ४१ वापरले जातात. कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या नेमक्या मॉडेल क्रमांकासमोर हे बँड आहेत का ते वाचा. कमी मेगाहर्ट्झचा बँड ५ किंवा ८ नसेल तर फोन बाहेर उत्तम आणि घरात निकामी, असं होतं. यावर कोणतंही सेटिंग चालत नाही.

गावाकडे बीएसएनएलचं ४जी घेणाऱ्यांनी बँड २८ बघावा. बीएसएनएल ७०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे याच बँडवर, ४जी देतं, आणि काही फोनांत ७०० मेगाहर्ट्झ फक्त ५जीसाठी दिलेला असतो, ४जीसाठी नाही. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर जिथे बीएसएनएलचाच टॉवर आहे, तिथे हा एक बँड नसला तर ४जीची रेंज मिळणं कठीण. घेण्याआधी दुकानात बसूनच वाचून घ्या.

रेंज वायफायची कमी असेल तर

मोबाइलची रेंज ठीक आणि घरचं वायफायच रखडतंय, असं असेल तर वाट वेगळी. इथेही आकडाच बघायचा. ‘वायफाय ॲनालायझर’सारख्या ॲपमध्ये उणे ५०च्या आसपास उत्तम, उणे ६७पर्यंत व्हिडिओ कॉल नीट, उणे ७५-८०ला गेलं की जोडलेलं दिसतं पण चालत नाही.

राउटर दोन लहरींवर बोलतो: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिली भिंतीपलीकडे पोचते पण गर्दीची. दुसरी वेगवान पण जवळच्या खोलीपुरती. नवा फोन बऱ्याचदा ५ गिगाहर्ट्झ धरून बसतो आणि दोन भिंतींपलीकडे गेलात तरी सोडत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या आणि लांबच्या खोलीत २.४ वापरा. २.४ गिगाहर्ट्झला १, ६ किंवा ११ यांपैकी एकच चॅनेल द्या, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. सिडको, इंदिरानगरच्या लागून लागून असलेल्या घरांत शेजारच्या दहा-बारा घरांचं वायफाय ॲपमध्ये एकदम दिसतं. त्यातल्या त्यात मोकळं चॅनेल निवडा. मायक्रोवेव्ह चालू असताना २.४ गिगाहर्ट्झ अडखळतं, कारण ओव्हनही त्याच लहरींच्या आसपास चालतो.

फायबर बसवायला आलेला माणूस केबल जिथून आत येते तिथेच, दाराजवळच्या चपलांच्या कपाटात किंवा टीव्हीच्या मागे राउटर ठेवून जातो. त्याला विनंती करून केबल थोडी लांब ओढून घ्या. राउटर घराच्या मध्यभागी, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर हवा. लोखंडी कपाट, फ्रिज, आरसा, माशांची टाकी यांच्या आड नको. मोठ्या घराला किंवा दुमजली बंगल्याला एक राउटर पुरणार नाही. वरच्या मजल्यापर्यंत लॅन केबल नेऊन तिथे दुसरा राउटर लावणं मला सर्वांत भरवशाचं वाटतं. भिंतीतल्या प्लगला लावायचे स्वस्त रिपीटर सिग्नल वाढवतात, पण वेग बऱ्याचदा निम्म्यावर आणतात.

नवा फोन वायफायला जोडलाच जात नसेल आणि राउटरमध्ये ठरावीक फोनांनाच परवानगी असेल, तर फोनातला ‘यादृच्छिक मॅक’ हा पर्याय बंद करा. नवे फोन आपला खरा मॅक क्रमांक (वायफायवरची ओळख) लपवतात आणि राउटर त्यांना अनोळखी समजतो.

घरात टॉवर पोचतच नसेल तर

फोन चांगला, सिम चांगलं, पण भिंतीच जाड आहेत. यावर आज सर्वांत चांगला उपाय म्हणजे वायफाय कॉलिंग. घरात ब्रॉडबँड असेल तर सिमच्या सेटिंगमध्ये ते चालू करा. कॉल टॉवरऐवजी वायफायवरून जातो, नंबर तोच, समोरच्याला कोणतंही ॲप लागत नाही. जिओ आणि एअरटेल त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. वयस्कर आई-वडील तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत राहत असतील, तर त्यांच्या फोनात हे आजच चालू करून द्या. रात्री-अपरात्री त्यांचा कॉल लागणं फार महत्त्वाचं आहे.

ऑनलाइन मिळणारे ‘मोबाइल सिग्नल बूस्टर’ घेऊ नका. परवानगीशिवाय असा बूस्टर लावणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे, आणि तो आजूबाजूच्या शेकडो लोकांची रेंज बिघडवतो. फोनच्या मागे चिकटवायची ‘सिग्नल वाढवणारी’ चकती काहीच करत नाही.

कंपनीचं जाळंच कमजोर ठरलं तर १९८ वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. घरातला आणि गच्चीवरचा आकडा, वेळ, पत्ता सांगा. उत्तर समाधानकारक नसेल तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं आणि त्यांना ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक संस्था, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे पत्र पाठवण्यात वेळ घालवू नका.

नंबर दुसऱ्या कंपनीत न्यायचं ठरवलं तर आधी त्या कंपनीचं सिम असलेल्या एखाद्या मित्राला घरी बोलवा. त्याचं सिम तुमच्या फोनात, तुमच्या आतल्या खोलीत घालून आकडा बघा. जाहिरातीतला नकाशा तुमच्या स्वयंपाकघराबद्दल काही सांगत नाही. आकडा खरंच चांगला आला तर इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून १९०० वर एसएमएस करा. आलेला कोड ४ दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण झालेले हवेत.

दोष फोनचाच ठरला तर

मुदत शिल्लक असेल तर सर्व्हिस सेंटरच्या आधी बदलीचा अर्ज करा. दुरुस्ती सुरू झाली की बदलून मिळणं अवघड होऊन बसतं. अर्जासोबत दोन्ही फोनांचे आकडे, स्क्रीनशॉट आणि एक छोटा व्हिडिओ जोडा, ज्यात एकाच टेबलावर दोन्ही फोन, तेच सिम आणि आकडे दिसतात.

मुदत संपली असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटर. जाण्याआधी बॅकअप घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. काउंटरवर ‘रेंज येत नाही’ म्हणू नका, असं सांगा: ‘याच सिमवर, याच बँडवर, त्याच जागी दुसऱ्या फोनापेक्षा हा सतत एवढ्याने मागे पडतो.’ शक्य असेल तर त्यांच्या कोपऱ्यातल्या, मुद्दाम कमी रेंजच्या जागी दोन्ही फोन ठेवून दाखवा. काउंटरवरच्या भरपूर रेंजमध्ये अशक्त अँटेनाही पूर्ण दांड्या दाखवते. जॉब शीटवर (फोन जमा केल्याच्या पावतीवर) तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत, आकड्यांसह लिहून घ्या आणि प्रत घेतल्याशिवाय निघू नका. ‘दोष आढळला नाही’ असं लिहून फोन परत आला तर तेही कागदावरच मागा. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावता येतो. तिथे सगळ्यात आधी बिल, जॉब शीट आणि तारखा विचारल्या जातात, तेव्हा ते कागद समोर घेऊनच फोन करा.